जुन्या सामानाची वंशावळ

इतिहासाचे साधन म्हटले की बखरी, सनदा, ताम्रपट आणि नाणी यांचीच साक्ष काढण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्या मेजावर ठेवून ते कागद वाचावयाचे, त्या मेजालाही काही सांगावयाचे असेल, ही शंका सहसा कोणास शिवत नाही. वाडा पडला, भावांच्या वाटण्या झाल्या, मुले परगावी स्थायिक झाली, की घरातले जड लाकडी सामान जुन्या बाजाराची वाट धरते. अलीकडे अशा सामानाचा शौक वाढला आहे आणि त्यामुळे दोन प्रश्न वारंवार कानी पडतात : हे कोणी केले, आणि याचे काय येतील? पहिल्या प्रश्नाचा शोध घेतल्यावाचून दुसऱ्याचे उत्तर देऊ नये, आणि तो शोध वस्तूवरील नावापाशी थांबवू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

या विषयाला नागपूरचा एक कडू संदर्भ आहे. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले. औरस पुत्र नाही या सबबीवर लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि पाठोपाठ राजवाड्यातील चीजवस्तूंवर जप्ती आली. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने सत्तावनच्या उठावाच्या आपल्या इतिहासात या लुटीची हकीकत दिली आहे. घरातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी राजघराण्यातील एका स्त्रीने दिल्याचे तो सांगतो. सामान हलविले गेलेच. त्या स्त्रीचा संताप केवळ किमतीसाठी नसावा. लिलावाचा हातोडा पडतो तेव्हा वस्तू एकाची दुसऱ्याची होते. पण ती कोणाकडून आली, कोणत्या दालनात होती, कोणाच्या हातची होती, ही माहिती घेणाऱ्याबरोबर जात नाही. आज एखादा पलंग ‘भोसल्यांच्या वाड्यातला’ म्हणून पुढे आला, तर मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा दुवा दाखविणारा कागद मागितलाच पाहिजे. दुवा नसेल तर तो केवळ एक चांगला पलंग होय.

पुढे नागपुरास नव्या प्रकारचे सामान आले. लोड, तक्के, चौरंग आणि पाट यांवर आपला संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला होता. खुर्ची हा शब्द अरबीतून, अलमारी पोर्तुगिजांकडून आणि टेबल इंग्रजांकडून आपल्याकडे आले, यावरूनच या वस्तूंचा प्रवास ध्यानात येईल. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, आणि सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतून साहेब राहू लागले. बदली झाली किंवा पेन्शन घेऊन विलायतेस निघाले, की साहेबमंडळी घरचे सामान लिलावात काढीत. ते वकील, मालगुजार आणि देशी अधिकारी यांच्या घरी जाई. १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने नागपूर मुंबईशी जोडले. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० पर्यंत थेट हावड्याचा मार्ग पुरा केला. म्हणून मुंबईचे व कलकत्त्याचे सामान ज्या थोड्या शहरांत एकत्र भेटले, त्यांत नागपूर एक आहे. शिवाय चांद्याच्या जंगलातील उत्तम साग हाताशी असल्यामुळे त्या नमुन्यांबरहुकूम स्थानिक सुतारही काम करीत. १९५६ मध्ये राजधानीचे पद गेले, तरी सामान पुष्कळसे येथेच राहिले.

आता नावाचा प्रश्न घेऊ. कलकत्त्याची लाझारस कंपनी आपल्या मालावर नावाचा ठसा मारीत असे. मुंबईत एडवर्ड विम्ब्रिज नावाचा इंग्रज कलावंत १८७९ मध्ये मॅडम ब्लाव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर उतरला. थोड्याच काळात थिऑसॉफीशी त्याचे बिनसले आणि त्याने फर्निचरचा धंदा थाटला. असे नाव सापडले की मालकास हर्ष होतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु ते नाव दुकानाचे असते. रंधा मारणारा, नक्षी कोरणारा, वेत विणणारा यांची नावे त्या ठशात नाहीत.

पुष्कळदा तर ते दुकानाचेही नसते. समजा, महालातील एखाद्या वाड्यातून एक कपाट निघाले आणि त्याच्या कुलुपावर इंग्रज कारखान्याचे नाव आहे. त्यावरून कपाट विलायती ठरविणे चूक होईल, कारण उत्तम कुलपे तिकडून येत आणि येथल्या कपाटांना बसविली जात. तेच कुलूप गोदरेजचे असेल, तर ते १८९७ पूर्वीचे नाही एवढे निश्चित, कारण कारखानाच त्या वर्षी निघाला. बाजूवर बी. एन. आर. ही अक्षरे असतील, तर ती मालकाची खूण होय; वस्तू त्या रेल्वेच्या हयातीत, म्हणजे १८८७ ते १९५२ च्या दरम्यान, तिच्या दप्तरी होती, इतकेच त्यावरून म्हणता येईल.

आकारावर विसंबणेही धोक्याचे. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलांतून दिसणारी, वाफेने वाकविलेल्या लाकडाची खुर्ची सर्वांच्या परिचयाची आहे. मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याचा, १८५९ सालचा. सुटे भाग करून अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत, म्हणून ती जगभर गेली. पण १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि कोन यांच्यासह अनेक कारखाने तसाच माल काढू लागले. बैठकीच्या कडेखाली आतल्या बाजूस ठसा किंवा कागदी चिठ्ठी आढळली नाही, तर अशा खुर्चीला थोनेटची म्हणणे हा अंदाज झाला.

मग विश्वास कशावर ठेवावा? लाकडावर. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. जेथे रोगण कधी लागलेच नाही, तेथे लाकूड खरे बोलते. वर्तुळाकार करवतीचे चरे कमानीसारखे उमटतात, हातकरवतीचे सरळ असतात. हातरंध्याने साफ केलेल्या फळीवरून बोटे फिरविली तर सौम्य चढउतार जाणवतो. खणाच्या कोपऱ्यातील पारव्याच्या शेपटीसारखे दात हाताने कापलेले असतील, तर ते तंतोतंत सारखे नसतात. मळसूत्री खिळ्याला अणकुचीदार टोक असेल, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्यापूर्वीच्या खिळ्यांची टोके बोथट असत. लाकूड वर्षानुवर्षे आडव्या अंगाने आकसते, उभ्या रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून अस्सल जुने गोल मेज दोन्ही दिशांनी मोजले, तर ते किंचित लांबट भरते. झीजही तपासावी : खुर्चीची पुढची आडवी पट्टी पायांनी झिजते, हाताच्या टेकण्या तळव्यांनी. जेथे कोणाचा स्पर्श होण्याचे कारण नाही तेथेच झीज दिसली, तर ती कानशीने आणली आहे असे समजावे. यांपैकी कोणतीही एक खूण पुरेशी नाही. जुने खिळे नव्या कामात वापरतात आणि जुन्या कामाची दुरुस्ती नव्या खिळ्यांनी होते. पाच-सहा खुणा एकच काळ दाखवू लागल्या, म्हणजे निर्णय करावा.

किंमत या सर्वांच्या मागून येते. लाकडाची जात, सर्व भाग मूळचे असणे, जुनी चकाकी शाबूत असणे आणि पूर्वमालकांचा माग लागणे, यांवर ती ठरते; शेवटी मात्र ती मागणीच्या लहरीवर चढते-उतरते. याचे ठळक उदाहरण चंदीगडचे. त्या नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली सागाच्या व वेताच्या खुर्च्या तयार झाल्या. त्या कामात युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुविशारदांचाही हात होता. पुढे सरकारी खात्यांनी त्या मोडीत काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना लाखो रुपये येऊ लागले, तेव्हा आपले डोळे उघडले. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीस व निर्यातीस आळा घालणारा आदेश काढला. ज्या रंगविलेल्या दप्तरी क्रमांकांना पूर्वी कोणी विचारीत नसे, तेच आता अस्सलपणाचा पुरावा म्हणून पाहिले जातात, आणि म्हणूनच त्यांची नक्कलही होते. त्या खुर्च्या प्रत्यक्ष घडविणारे सुतार मात्र लिलावाच्या यादीत क्वचितच दिसतात.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडील कलाकुसरीच्या वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. परंतु नाश बहुधा घरातच होतो. जुन्या सामानाला ‘नवे’ करण्यासाठी ते घासून घेतात, आणि रंध्याची खूण, खडूने लिहिलेला अंक, चिठ्ठीचा डाग, सारे एका दुपारी नाहीसे होते. नावाजलेल्या कंपनीचा पुरावा जुन्या जाहिरातींत व विक्रीच्या याद्यांत तरी सापडेल. चांद्याच्या सागावर काम करणाऱ्या अनामिक सुताराचा पुरावा त्या घासलेल्या भुशाखेरीज दुसरीकडे कोठेही नाही. म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना एवढीच विनंती, की विकावयाचे असले तरी प्रथम वस्तू उलटी करून पाहावी, दिसेल ते टिपून छायाचित्र घ्यावे, आणि ती घरी कधी व कोणाकडून आली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून तो कागद खणातच ठेवावा. घेणारा त्याबद्दल चार पैसे अधिक देईल किंवा देणार नाही; पण त्याच्यामागून येणाऱ्या अभ्यासकाला तो कागद बखरीच्या एखाद्या पानाइतकाच उपयोगी पडेल.