फियाटची चाल आणि कसारा घाट

नाशिकच्या जुन्या मेकॅनिकांच्या बोलण्यात एक वाक्प्रयोग हमखास येतो : ‘गाडी टायर खाते.’ टायर एकाच बाजूने झिजू लागले, स्टिअरिंग एकीकडे ओढू लागले की हे निदान ठरलेले. बहुतेक वेळा ती गाडी फियाट असे, म्हणजे पुढे जिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले ती. ही गाडी टायर का खात असे, घाटात तिची शेपटी का सरकत असे, याचे उत्तर शोधताना आपण थेट देशाच्या औद्योगिक इतिहासात जाऊन पोहोचतो.

ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. नाशिककरांना वालचंद परके नाहीत. मालेगाव तालुक्यातील रावळगावची साखर आणि पुढे तिथल्या गोळ्या-चॉकलेटे हा त्यांचाच उद्योग. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर बनावटीच्या पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारचे धोरण ठरले, की नुसती जोडणी करणाऱ्यांना नव्हे, तर देशात सुटे भाग घडवणाऱ्यांनाच वाव मिळेल. जनरल मोटर्सने १९२८ पासून चाललेला आपला शिवडीचा कारखाना बंद केला. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला.

फियाट ११०० ही गाडी १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली होती. तिची १९६२ ची सुधारित आवृत्ती १९६४ पासून कुर्ल्यात ‘डिलाइट’ म्हणून बनू लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे, जोर मात्र मागच्या चाकांना. पुढची दोन चाके स्वतंत्र आर्मवर आणि गुंडाळी स्प्रिंगवर, मागची दोन एकाच अखंड हाउसिंगवर आणि त्याखाली पाटे. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. विकल्या जाणाऱ्या मालात सुधारणा करण्याची निकड कोणाला? तीच रचना जवळपास २००० पर्यंत चालत राहिली.

आता चाकांकडे वळू. घोडागाडी वळताना आतल्या चाकाने जास्त आणि बाहेरच्याने कमी वळावे, ही युक्ती म्युनिकच्या लांकेनस्पेर्गर या कारागिराची. लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट ॲकरमन यांनी घेतले आणि नावही त्यांचेच झाले. मोटारीत त्याच्या जोडीला तीन कोन आले. चाकाचा माथा बाहेर किंवा आत कलतो तो कॅम्बर. ज्या किंगपिनभोवती चाक वळते, ती माथ्याकडे थोडी मागे कललेली असते तो कॅस्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. तिसरा टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची नाके किंचित आत वळलेली.

टो-इन कशासाठी? मागची चाके गाडी ढकलतात, पुढची नुसती लोटली जातात. रस्त्याचा विरोध त्यांना मागे रेटतो आणि सांध्यांतला थोडाफार ढिलेपणा खाऊन ती बाहेर फाकू पाहतात. म्हणून उभ्या गाडीत ती आधीच थोडी आत ठेवायची, म्हणजे धावताना सरळ होतात. पद्मिनीच्या किंगपिनचे बुश झिजले, वेळेवर ग्रीस मिळाले नाही, की हा हिशेब कोलमडे आणि टायर खाल्ले जात.

मागच्या बाजूची गोष्ट याहून घातक. तिथे कोन बसवायची सोयच नव्हती. हाउसिंग पाट्यांवर नेमके ठेवण्याचे काम एक सेंटर बोल्ट करतो. तो तुटला किंवा यू-बोल्ट सैल पडले की हाउसिंग एका अंगाला सरकते आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पुढचे अलाइनमेंट दहादा करून उपयोग नसतो. जाणता मेकॅनिक म्हणून आधी दोरी धरे. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंना सुतळी ताणली, की मशीनशिवाय दोष दिसे.

या गाडीचा स्वभाव खरा कळे तो कसारा घाटात. दादरहून नाशिकला येणारी शेअर टॅक्सी माणसांनी आणि सामानाने भरलेली. चढावर सारे वजन मागे जाई, पुढची चाके हलकी होत आणि स्टिअरिंगला पकड उरत नसे. परतताना तीच गाडी रिकामी. उतारावर वजन पुढे येई, मागची चाके हलकी पडत. अशात पावसाळी वळणावर चालकाने घाईने खालचा गिअर टाकला, तर इंजिनाचा सारा अटकाव त्या हलक्या मागच्या चाकांवर येऊन शेपटी सरके. अनुभवी चालक गिअर वळणाआधी टाकत. शेपटी सरकलीच तर ब्रेक न दाबता, ज्या बाजूला ती जाते त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवत.

रेडियल टायर आल्यावर एक नवीच गफलत सुरू झाली. पैसे दोनच टायरांचे असत आणि नवे, चांगले टायर पुढे घालावेत असा समज. पुढे रेडियल, मागे जुने साध्या बांधणीचे टायर म्हणजे पुढची पकड भक्कम आणि मागची कच्ची. शेपटी सरकायला आणखी काय हवे?

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचा जोर पुढच्या चाकांना. ती गाडीला ओढते, त्यामुळे चाके आत येऊ पाहतात आणि टो-इनचे गणित बदलते. जुन्या हाताला सवयीचे माप नव्या गाडीला लावून चालत नाही, हे गॅरेजांना शिकावे लागले.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली. वीस वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आता बोगद्यातून जाणाऱ्याला घाटाची वळणे दिसतही नाहीत.

या साऱ्यातून हाती काय लागते? घाटात गाडी घसरली की ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे एक वाक्य लिहून आपण मोकळे होतो. त्या वाक्यामागे कधी तुटलेला सेंटर बोल्ट असतो, कधी झिजलेला बुश, कधी चुकीच्या जागी घातलेले टायर. आणि त्यामागे ग्राहकाला पर्यायच न ठेवणारे धोरण. चालकाच्या कौशल्याचे कौतुक जरूर करावे. पण पन्नासच्या दशकातली रचना त्या कौशल्याच्या भरवशावर शतक संपेपर्यंत खपवली गेली, याची नोंदही इतिहासात हवी. गाडी आज कोणतीही असो; टायर एका बाजूने झिजलेला दिसला तर नवा टायर घेण्याआधी कारण शोधावे. स्वस्तातला तपास तोच, आणि जीव वाचवणाराही तोच.