मानो नेग्रा : बंदरे आणि रेल्वे स्थानके गाठणारा फ्रेंच पंक बँड

फ्रान्समधील पर्यायी रॉक संगीताच्या इतिहासात ‘मानो नेग्रा’ या पॅरिसच्या बँडला महत्त्वाचे स्थान आहे. १९८७ ते १९९५ या अल्प कालखंडात या बँडने स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले चार अल्बम प्रसिद्ध केले. पंक, स्का, रेगे, साल्सा, फ्लॅमेंको आणि अरबी लोकसंगीत यांचा मेळ घालणारी स्वतंत्र शैली घडवली आणि मालवाहू जहाज व जुन्या रेल्वेगाडीतून लॅटिन अमेरिकेचे दौरे केले. नेहमीच्या व्यावसायिक मार्गाबाहेरच्या या दौऱ्यांनी बँडला वेगळी ओळख दिली आणि बँड फुटण्यासही तेच निमित्त झाले.

पार्श्वभूमी

बँडचा प्रमुख गायक व गीतकार मानू चाओ याचा जन्म २१ जून १९६१ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे वडील रामोन चाओ हे स्पेनमधील गॅलिसियाचे, तर आई बास्क प्रांतातील. जनरल फ्रँको यांच्या राजवटीत स्पेन सोडून फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक कुटुंब होते. रामोन चाओ पत्रकार व लेखक होते. फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय नभोवाणीच्या लॅटिन अमेरिकी विभागात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि त्या खंडातील साहित्यिकांशी त्यांचा निकटचा संबंध होता. पॅरिसच्या उपनगरात वाढलेल्या चाओ बंधूंच्या कानावर घरात स्पॅनिश, शाळेत फ्रेंच आणि रेकॉर्डवर इंग्रजी पडत असे. पुढे बँडच्या गाण्यांत या भाषा एकत्र आल्या, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

स्थापना

१९८०च्या दशकात फ्रान्समध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून फटकून राहणाऱ्या पंक बँडची एक चळवळच उभी राहिली होती. ‘बेर्युरिये न्वार’ हा तिचा सर्वांत परिचित बँड. मानू चाओ या वर्तुळात ‘हॉट पँट्स’ आणि ‘लोस कारायोस’ या बँडमधून वावरत होता. १९८७ मध्ये त्याने धाकटा भाऊ आंत्वान (ट्रम्पेट) आणि चुलतभाऊ सांतियागो कासारिएगो (ड्रम) यांच्यासह नवा बँड स्थापन केला. दानिएल जामे (गिटार), जोसेफ दाहान (बास गिटार), फिलिप तेबूल (तालवाद्ये), तोमा दार्नाल (कीबोर्ड) आणि पिएर गोते (ट्रॉम्बोन) हे सदस्य पुढे सामील झाले. त्यांतील काही जण याआधी पॅरिसच्या भुयारी रेल्वेत आणि रस्त्यांवर गाणी सादर करणाऱ्या कलावंतांपैकी होते.

‘मानो नेग्रा’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘काळा हात’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या अँदालुसिया प्रांतात याच नावाची गुप्त अराज्यवादी संघटना असल्याचा आरोप ठेवून शेतमजुरांवर खटले चालवण्यात आले व काहींना मृत्युदंड झाला. अशी संघटना खरोखर अस्तित्वात होती का, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

ध्वनिमुद्रणे

‘पाचांका’ हा पहिला अल्बम १९८८ मध्ये ‘बुशरी प्रोडक्शन्स’ या स्वतंत्र कंपनीने प्रसिद्ध केला. ‘लोस कारायोस’मधील मानूचा सहकारी फ्रान्स्वा हाजी-लाझारो हा या कंपनीचा संस्थापक. शीर्षकाचा शब्द ‘पाचांगा’ या क्यूबन नृत्यसंगीतावरून घेतलेला आहे. पुढे बँडच्या संमिश्र शैलीलाच ते नाव पडले. यातील ‘माला विदा’ हे गाणे मानूने ‘हॉट पँट्स’च्या काळात रचले होते. नव्या रूपात ते फ्रान्सभर गाजले.

या यशानंतर बँडने ‘व्हर्जिन’ या बड्या कंपनीशी करार केला. स्वतंत्र चळवळीतील अनेकांना हा निर्णय रुचला नाही. बँडने मात्र संगीताचा बाज बदलला नाही. १९८९ मधील ‘पुताज फीव्हर’ या दुसऱ्या अल्बममध्ये स्पॅनिश, फ्रेंच व इंग्रजी गाण्यांच्या जोडीला ‘सिदी हबीबी’ हे उत्तर आफ्रिकेतील अरबी लोकगीतही पंकच्या ठेक्यावर आले. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांविरुद्ध फ्रान्सच्या राजकारणात सूर चढत असताना एका लोकप्रिय रॉक बँडने अरबीत गावे, याला वेगळे महत्त्व होते.

१९९१ मधील ‘किंग ऑफ बोंगो’ हा तिसरा अल्बम बव्हंशी इंग्रजीत असून त्यात रॉकचा भर अधिक आहे. त्यातील ‘आउट ऑफ टाइम मॅन’ हे गाणे मिक हार्वी या ऑस्ट्रेलियन संगीतकाराने पुढे आपल्या आवाजात गायले आणि ते ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या भागात वापरले गेले. त्याच वर्षी जपानमधील कावासाकी येथे झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ‘इन द हेल ऑफ पाचिंको’ या नावाने १९९२ मध्ये आले. बँड रंगमंचावर किती वेगाने वाजवत असे, हे त्यावरून समजते.

अमेरिकेचा अनुभव

१९९० मध्ये इगी पॉप या ज्येष्ठ रॉक गायकाच्या अमेरिकेतील कार्यक्रमांत सुरुवातीचे सादरीकरण करण्यासाठी मानो नेग्राची निवड झाली. युरोपीय बँडसाठी ही मोठी व्यावसायिक संधी मानली जाते. तथापि, दुसऱ्याच्या श्रोत्यांसमोर मोजका वेळ वाजवून पुढचे शहर गाठायचे, ही पद्धत बँडच्या स्वभावाला मानवली नाही आणि अमेरिकी बाजारपेठेत त्यांना जागाही मिळाली नाही. यानंतर बँडचे लक्ष लॅटिन अमेरिकेकडे वळले. तेथील श्रोत्यांना बँडची स्पॅनिश गाणी भाषांतराविना कळत होती.

जहाजातून दौरा

भारताच्या शोधात निघालेला कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, त्या घटनेला १९९२ मध्ये पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी ‘कार्गो ९२’ या उपक्रमांतर्गत ‘मेल्कियादेस’ नावाचे मालवाहू जहाज फ्रान्समधून लॅटिन अमेरिकेच्या बंदरांकडे रवाना झाले. मानो नेग्रासह नांत येथील ‘रोयाल द ल्यूक्स’ ही पथनाट्य संस्था, फिलिप जांती यांचा बाहुलीनाट्य संघ आणि फिलिप दकुफ्ले यांचा नृत्यसंघ त्यात सहभागी होते. जहाजाच्या पोटात, जेथे एरवी माल भरला जातो, तेथे नांत शहरातील एक रस्ता जसाच्या तसा उभारण्यात आला होता. जहाज बंदराला लागले की शहरवासीयांना त्या रस्त्यावरून फिरता येई.

जहाजाचे नाव गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ या कादंबरीतील भटक्या जादूगाराचे आहे. नव्या जगातील नवलाई गावोगाव दाखवत फिरणारे हे पात्र या दौऱ्याला चपखल लागू पडणारे होते.

बर्फाची गाडी

पुढच्या वर्षी याच कल्पनेचा अधिक धाडसी प्रयोग झाला. रस्ते वाहतुकीच्या स्पर्धेत आणि आर्थिक तोट्यात कोलंबियाची राष्ट्रीय रेल्वे मोडकळीस आली होती व प्रवासी गाड्या जवळपास थांबल्या होत्या. रुळांकाठची अनेक गावे त्यामुळे एकाकी पडली होती. भंगारात निघालेले डबे दुरुस्त करून एक गाडी तयार करण्यात आली आणि १९९३च्या अखेरीस फ्रेंच व कोलंबियन मिळून सुमारे शंभर कलावंत व तंत्रज्ञ तिच्यातून राजधानी बोगोताहून कॅरिबियन किनाऱ्यावरील सांता मार्ताकडे निघाले.

तिचे नाव ‘एक्सप्रेसो देल येलो’, म्हणजे बर्फाची गाडी. उष्ण प्रदेशातून जाणाऱ्या या गाडीच्या एका डब्यात बर्फाचे शिल्पप्रदर्शन होते. झोक्यांवरील कसरती होत्या, तसेच तोंडातून ज्वाळा सोडणारा लोखंडी इग्वानाही होता. बर्फाचा संदर्भही मार्केस यांच्या त्याच कादंबरीचा. तिची सुरुवातच बर्फाच्या आठवणीने होते. लेखकाचे जन्मगाव आराकाताका हे गाडीच्या मार्गावरच होते. प्रत्येक स्थानकावरील कार्यक्रम विनामूल्य असे.

हा प्रदेश त्या वेळी गनिमी संघटना, निमलष्करी टोळ्या, अमली पदार्थांचे तस्कर आणि लष्कर यांच्या संघर्षात होरपळत होता. पाब्लो एस्कोबार हा कुख्यात तस्कर २ डिसेंबर १९९३ रोजी मेडेयिन येथे मारला गेला, तो याच सुमारास. वाटेत गाडी रुळांवरून घसरण्याचे प्रसंगही आले. रामोन चाओ या प्रवासात सोबत होते. ‘बर्फ आणि अग्नीची गाडी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे प्रवासवर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या दौऱ्याचा तोच सर्वांत महत्त्वाचा लिखित दस्तऐवज आहे.

विघटन

सुमारे सहा आठवड्यांच्या या प्रवासात थकवा, आजार, असुरक्षितता आणि आपसांतील ताण यांमुळे बँडमधील बहुतेक सदस्य गाडी सोडून परतले. गाडीचा प्रवास पूर्ण झाला. मात्र प्रवासाच्या शेवटी मानो नेग्रा हा मूळचा बँड राहिला नव्हता.

१९९४ मध्ये आलेला ‘कासा बॅबिलॉन’ हा अखेरचा अल्बम याच अनुभवांवर उभा आहे. अर्जेंटिनाचा गायक फिदेल नादाल याच्यासह लॅटिन अमेरिकी कलावंतांचा त्यात सहभाग आहे. ‘सेन्योर मातान्सा’ हे त्यातील गाणे पैसा, सत्ता व बंदूक एकाच हाती असलेल्या माणसाविषयी आहे, तर ‘सांता माराडोना’ फुटबॉलच्या वेडाविषयी. अल्बमला प्रतिसाद चांगला मिळाला, पण तो घेऊन दौऱ्यावर जाण्यास बँडच उरला नव्हता. मानू चाओ स्पेनला गेला. बँडच्या नावाचा पुढे वापर कोणी करावा, यावर माजी सदस्यांत एकमत झाले नाही आणि १९९५ मध्ये मानो नेग्रा अधिकृतपणे संपुष्टात आला.

नंतरची वाटचाल

मानू चाओचा ‘क्लांदेस्तिनो’ हा पहिला एकल अल्बम १९९८ मध्ये आला. कागदपत्रांविना सीमा ओलांडणाऱ्या स्थलांतरितांविषयीचे त्याचे शीर्षकगीत जगभर पोहोचले. पुढे ‘रादिओ बेम्बा’ या त्याच्या नव्या बँडमध्ये जुना सहकारी फिलिप तेबूल होता. आंत्वान चाओ फ्रान्सच्या सार्वजनिक नभोवाणीत वार्ताहर झाला, तर तोमा दार्नाल याने क्यूबन व इलेक्ट्रॉनिक संगीताचा मेळ घालणारा ‘पी१८’ हा प्रकल्प सुरू केला.

लॅटिन अमेरिकेतील पर्यायी रॉक आणि बार्सिलोनाभोवती वाढलेले संमिश्र संगीत यांवर मानो नेग्राचा ठसा स्पष्ट दिसतो. इंग्रजीची कास न धरताही रॉक बँडला जगभर श्रोते मिळू शकतात, हे या बँडने दाखवून दिले. ज्या गावांत कार्यक्रम ठेवण्यात कोणत्याही आयोजकाला फायदा नव्हता, अशा गावांपर्यंत तो गेला. त्याची किंमत मात्र बँडला स्वतःच्या अस्तित्वाने मोजावी लागली.