दातेरी पट्टा

मोटारीच्या इंजिनांत दट्टे व झडपा यांचा मेळ राखण्याचें काम पूर्वीं साखळ्या व दंतचक्रें करीत. १९६२ सालीं जर्मनींत विक्रीस आलेल्या ग्लास १००४ या गाडींत तें रबरी दातेरी पट्ट्याकडे आलें. १९६६ सालीं फियाटच्या १२४ स्पोर्ट स्पायडरनेंही त्याचाच अंगीकार केला. पट्टा हलका व शांत खरा. परंतु झिजलेली साखळी खडखडून सावध करिते, पट्टा बहुधा मुकाट्यानें तुटतो, आणि पुष्कळ इंजिनांत दट्टे उघड्या झडपांवर आदळतात.

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें २००१ सालापासून स्कोडा ऑक्टाव्हिया जुळविली जाऊं लागली. तिची २००४ सालीं भारतांत आलेली चपळ आवृत्ति, आर.एस., हौशी मालक जिवापाड जपतात. तिच्या १.८ लिटर टर्बो इंजिनांत असाच पट्टा आहे. गाडी फार धांवली नाहीं म्हणून तो नवा राहत नाहीं. रबर वयानेंही जीर्ण होतें.

घरीं पट्टा बदलणारानें क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या खुणा आधीं जुळवाव्या, टेन्शनर व पाण्याचा पंपही बदलावा, आणि पान्यानें क्रँकशाफ्टला दोन पूर्ण फेरे द्यावे. तेवढ्यांत कॅमशाफ्टचा एक होतो. खुणा पुन्हां जुळल्या तरच इंजिन सुरू करावें व तारीख वहींत लिहावी. जो इशारा साखळी देत असे, तो आतां त्या वहीनेंच द्यावयाचा आहे, असें आम्हांस वाटतें.