उन्हाळ्यातले पांघरूण : मस्कतच्या घरात काय वापरावे, गावाहून काय आणावे



मार्च सरत आला की आपल्याकडे दोन विषय हमखास निघतात. सुट्टीत भारतात कधी जाणार, आणि येताना काय काय आणणार. आणायच्या यादीत भाजणी, कांदा-लसूण मसाला, लोणची असतातच. पांघरूण मात्र कोणी लिहीत नाही. ओमानच्या उन्हाळ्यात पांघरूण कशाला, असे नवीन माणसाला वाटणारच. पण अल मवालेहमध्ये दोन-चार उन्हाळे काढलेल्या कोणालाही विचारा, तो उलटेच सांगेल. डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडी ठेवून एका चादरीवर भागते. पांघरुणाची खरी गरज एप्रिल ते ऑक्टोबर, कारण या महिन्यांत आपण मस्कतच्या हवेत झोपतच नाही, एसीच्या हवेत झोपतो.

आमच्या घरी हे कळले ते आईमुळे. ती सांगलीहून पहिल्यांदाच आली, तीही मे महिन्यात. तिच्यासाठी आम्ही हौसेने नवे, गुबगुबीत मिंक ब्लँकेट आणून ठेवले होते. तिसऱ्या रात्री चारच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर आई हॉलमध्ये चटईवर. एसी बंद, अंगाला घाम, आणि पदर मात्र पायांभोवती घट्ट गुंडाळलेला. खोलीत गारठायला होत होते, ब्लँकेट घेतले की उकडत होते, आणि लेकाच्या घरी तक्रार कशी करायची म्हणून तीन रात्री ती अशीच काढत होती. "तू झोप जा, मला हितं बरं वाटतंय," एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बॅगेच्या तळातून एक जुनी वाकळ काढली. लोणच्याच्या बरण्या फुटू नयेत म्हणून गुंडाळून आणलेली! त्या रात्रीपासून ती खोलीत शांत झोपली. ब्लँकेट कपाटात गेले ते गेलेच.

त्या वाकळेत असे काय होते, हे समजून घ्यायला आधी इथली रात्र समजून घ्यावी लागते.

रात्री दहाला उकाडा, पहाटे चारला थंडी

मस्कतचा उन्हाळा रात्रीही सुटका देत नाही. आपल्या आग्नेयेला समुद्रकाठी असलेल्या कुरियातमध्ये २६ जून २०१८ रोजी दिवस-रात्र मिळून पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नाही. हे टोकाचे उदाहरण झाले, पण जून-जुलैत रात्री दहा वाजता तिशीच्या वरचे तापमान आणि वर समुद्राची दमट हवा हे आपले नेहमीचेच. वीज येण्याआधी इथले लोक उन्हाळ्यात गच्चीवर झोपत, जसे आपल्या गावाकडे अजूनही झोपतात. आता गच्ची आपल्या डोक्यावर आहे. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. म्हणून झोपताना आपण एसी १८ वर नेतो. मध्यरात्रीनंतर स्लॅब निवतो, एसी मात्र १८ वरच.

त्यातच शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. झोप लागताना आपले आतले तापमान हळूहळू उतरू लागते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जाते. म्हणजे अंग सर्वात गार असते तेव्हाच खोलीही सर्वात गार. म्हणून रात्री लाथाडलेले पांघरूण पहाटे चाचपडत शोधावे लागते.

तेव्हा दुकानात पाहायचे ते "उन्हाळी" असे लेबल नव्हे. पांघरूण दहा वाजता अंगावर सहन झाले पाहिजे आणि चार वाजता पुरलेही पाहिजे. एकच जाड वस्तू हे करू शकत नाही. दोन पातळ थर करू शकतात.

सूत की पॉलिएस्टर

इथे बाजारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मऊ लागते ते पॉलिएस्टर. मिंक ब्लँकेट, "मायक्रोफायबर" चादर, "एसी कम्फर्टर" यांत बहुतेक तेच असते. कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा मुरलेला असतो. पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. त्यामुळे घाम सूत पिते, आणि पॉलिएस्टरखाली तो अंगावरच राहतो. मग माणूस पांघरूण झुगारतो, ओल्या अंगावर एसीचा झोत येतो आणि सकाळी घसा धरतो. दोष आपण एसीला देतो.

गंमत अशी की हीच मिंक ब्लँकेटे आपण वर्षानुवर्षे बॅगा भरभरून भारतात नेली. आखातातून आलेला माणूस आणि त्याच्या हातातले फुलाफुलांचे ब्लँकेट हे समीकरणच होते. माघातल्या थंडीत गावाकडे ते ठीक. मवालेहच्या जुलैत ते चुकीच्या जागी आहे.

"बांबू" म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या चादरींबद्दल थोडे. ते कापड सहसा व्हिस्कोज असते, म्हणजे बांबूच्या लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला धागा. अंगाला गार लागते हे खरे, पण "नैसर्गिक बांबू" हे वर्णन ताणलेले आहे. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे लेबल लावणाऱ्या काही कंपन्यांवर कारवाई केली होती.

लेबलवर विश्वास बसत नसेल तर शिवणीतला एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि वॉशबेसिनवर काडी लावा. सूत कागदासारखे जळते, मऊ राखाडी राख पडते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसते.

आपल्याकडची पांघरुणे

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, जुन्या सुती लुगड्यांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवलेले असतात. शेकडो वेळा धुतलेले कापड मऊ आणि झिरझिरीत झालेले असते, आणि टाक्यांमधल्या फुगवट्यांत थोडी थोडी हवा अडकून राहते. ऊब येते ती या हवेमुळे, आणि घाम सूत शोषून घेते. आईच्या वाकळेचे रहस्य एवढेच. मात्र सगळ्या गोधड्या सारख्या नसतात. थंडीसाठी शिवलेली पाच-सहा थरांची जाड गोधडी इथे नको. शिवून घेणार असाल तर दोन, फार तर तीन थर सांगा, आणि आत घालायला जुनी सुती साडीच द्या. सिंथेटिक साडी मध्ये घातली की सगळा उपयोग गेला. आजकाल दुकानात मिळणाऱ्या देखण्या "गोधड्यां"च्या आत बऱ्याचदा पॉलिएस्टरचा फायबर भरलेला असतो. कोपरा दाबून पाहा. स्पंजासारखा वर आला तर समजून जा.

सोलापुरी चादर आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी असेल. तेलंगणातून येऊन सोलापुरात स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा नावारूपाला आणला. जकार्ड मागावर नक्षी विणलेली असते, छापलेली नसते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते, रंग तेवढे उलटे. २००५-०६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पक्की, वर्षानुवर्षे टिकणारी, पण चांगली जड. एसी १८-२० वर ठेवणाऱ्यांना ती एकटी पुरते. २४-२५ वर ठेवणाऱ्यांनी ती पायथ्याशी घडी करून ठेवावी, पहाटे ओढायला. विकत घेताना ती खरेच सोलापूरची आहे का आणि पूर्ण सुती आहे का हे बघून घ्या, कारण तिच्या नावावर बरेच काही खपते.

मलमलीची दोहर म्हणजे दोन-तीन पातळ थर फक्त कडेने शिवलेले. माझ्या मते मस्कतच्या उन्हाळ्यासाठी याहून चांगले काही नाही. आपली जुनी पासोडी याच कुळातली, दुपदरी सुती पांघरूण. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आहे. पूर्वी तिथे पासोड्या विकायला बसत म्हणून देवाला ते नाव पडले असे सांगतात. आता पासोडी शब्द उरला तो देवळापुरता. दोहर भारतातून आणता आली नाही तरी बिघडत नाही. सीबच्या सूकमध्ये, मत्रहला किंवा रुवीत कापडाच्या दुकानांतून मलमल किंवा सुती व्हॉइल मीटरवर घ्या आणि शिंप्याकडून तीन थर कडेने शिवून घ्या. आधी कापड भिजवून वाळवायला विसरू नका, नाहीतर पहिल्या धुण्यात थर वेगवेगळे आटतात आणि दोहरेची पिशवी होते. आमची पहिली झालीच होती.

जयपुरी रजईत पाव किलो कापूस असतो असे विकणारे सांगतात. वजनाला ती हलकी असते खरी, पण कापूस भरलेला असल्याने ऊब चांगली देते, आणि धुवायला नाजूक. एसीचा झोत थेट अंगावर येणाऱ्या पलंगावर ठीक. घोंगडी इथे सांधेदुखीवाल्या एखाद्या आजोबांखेरीज कोणी वापरत नाही, आणि त्यांना ती काढायला सांगू नये.

काट्यावर ठेवा

हलके-जड हे हाताने कळत नाही. सामानाचा काटा आपल्या सगळ्यांच्या घरी असतोच, तो इथेही कामाला येतो. पांघरुणाचे वजन ग्रॅममध्ये घ्या आणि लांबी-रुंदी मीटरमध्ये गुणून आलेल्या आकड्याने भागा. सव्वादोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद दोहर ७०० ग्रॅम भरली, तर ७०० भागिले ३.३८, म्हणजे चौरस मीटरला साधारण २०७ ग्रॅम. लेबलवर जीएसएम लिहिलेले असते ते हेच. माझा अंदाज असा की १५० च्या आत साधी चादर, २०० ते २५० पर्यंत एसी २४ च्या आसपास असताना पुरेसे, ३५० च्या पुढे सोलापुरीच्या जातीचे. हे सुती कापडाचे गणित झाले. कापूस किंवा फायबर भरलेल्या रजईला ते लागू नाही, कारण तिथे जाडी ऊब ठरवते, वजन नव्हे. ब्रिटिश पद्धतीच्या दुलयांवर "टॉग" लिहिलेले असते. ४.५ किंवा त्याखालचे उन्हाळी समजतात, १३.५ चे घेऊन आलात तर परत करून या.

थ्रेड काउंटच्या मागे मात्र लागू नका. २०० ते ३०० ची साध्या विणीची, म्हणजे परकेल, चादर ६०० च्या सॅटीन विणीपेक्षा गार लागते, कारण तिच्यातून हवा खेळते. शिवाय मोठे आकडे पुष्कळदा पिळाच्या धाग्यातले पदर सुटे मोजून फुगवलेले असतात.

बाळ आणि आजी-आजोबा

हा भाग कृपया वाचाच. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर किंवा पाळण्यात सुटे पांघरूण ठेवू नये, मग ते कितीही हलके असो. ते तोंडावर आले तर बाळाला बाजूला करता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्लाही असाच आहे. आजीने प्रेमाने शिवलेले दुपटे जागेपणी, मांडीवर घेताना वापरावे. झोपताना एसी थोडा वाढवून बाळाला पातळ सुती कपडे किंवा हाताला भोके असलेली, चेन लावायची झोपेची पिशवी घालावी. बाळाला थंडी वाजते की नाही हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मान आणि छाती पाहा. मान घामेजली असेल तर कपडे जास्त झाले.

भेटीला आलेल्या आईवडिलांना पहिल्या रात्रीच दोन पांघरुणे द्या, आणि एसीचा रिमोट कसा वापरायचा ते दाखवा. विचारले तर "काही नको" म्हणणार, म्हणून विचारू नका. मधुमेह असलेल्यांच्या पायांची जाणीव कमी झालेली असू शकते, पाय गार पडलेले त्यांना कळत नाहीत. त्यांना सुती मोजे द्या, पण गरम पाण्याची पिशवी पायाशी देऊ नका. भाजलेलेही कळत नाही.

नवरा-बायकोचे एसीवरून भांडण असेल तर एका मोठ्या पांघरुणाऐवजी दोन सिंगल घ्या. आकडा २४ वर राहतो. भारताच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२१ पासून ओमानमध्ये विजेचे अनुदान बदलले, तेव्हापासून हा हिशेब आपल्या बिलात दिसतोच.

धुणे आणि ठेवणे

अंगाला लागणारी चादर इथे आठवड्याला, दोहर पंधरा दिवसांनी धुवावी. घरात दम्याचे कोणी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात, त्याने धुळीतले किडे मरतात. जुनी वाकळ मात्र मशीनमध्ये घालू नका, ओली झाली की आपल्याच वजनाने फाटते. टबमध्ये भिजवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि आडवी पसरून वाळवा. जूनचे ऊन तासाभरात वाळवते, पण रंग आणि धागा दोन्ही खाते, तेव्हा सावलीत वाळवणे बरे. आणि बाल्कनीच्या कठड्यावर नको! रस्त्यावरून दिसेल असे कपडे वाळत घालायला मस्कत नगरपालिकेची मनाई आहे, दंड होतो. गच्चीवर किंवा जाळीच्या आड घाला.

जुलैत घर बंद करून भारतात जाणाऱ्यांसाठी शेवटचे. पांघरुणे धुऊन, पूर्ण वाळवून मगच कपाटात ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, जुन्या चादरीत बांधून. महिनाभर एसी बंद असलेल्या घरात दमट हवा शिरते आणि प्लॅस्टिकमधल्या कपड्यांना परत आल्यावर असा कुबट वास येतो की दोनदा धुऊनही जात नाही. येताना वाकळ आणायची असेल तर वेगळी जागा करू नका. बरण्या तिच्यातच गुंडाळा.