वाडीमागचे बावखल

वसईचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी प्रथम किल्ल्याकडे धावते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चर्चच्या स्थापनेची सालेही आपल्या तोंडी असतात : रमेदी १५५७, नंदाखाल १५७३. परंतु ज्या पाण्यावर येथील केळी, पानवेली आणि भाजीचे मळे पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले, ते घरामागचे बावखल कोणी व केव्हा खणले हे सांगणारा दगड कोठे रोवलेला नाही. आमच्या इतिहासलेखनातील ही मोठी उणीव आहे असे मी मानतो.

बावखल म्हणजे वाडीत, बहुधा घराच्या मागील अंगास, हाताने खणलेले छोटे तळे. शब्दाची व्युत्पत्ती विद्वानांवर सोपवतो. पण ‘बाव’ म्हणजे विहीर, हे आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विहीर अरुंद व खोल असते, तर बावखल ऐसपैस आणि तुलनेने उथळ. पावसाळ्यात वाडीतले पाणी उतारावरून त्यात येऊन साठे, काही जमिनीत मुरे आणि उरलेले रहाटाने उपसून पाटांतून आळ्या-आळ्यांत खेळवले जाई. कडेला माड, पाण्यात मासे, काठावर कपडे धुणारी माणसे : बावखल हा वाडीचा एक जिवंत अवयवच होता.

त्याचा हा उथळपणा अडाणीपणातून आलेला नव्हता. वसईच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा. असे तिन्ही अंगांनी खारे पाणी असलेल्या पट्ट्यात गोडे पाणी हलके असल्यामुळे भूगर्भातील खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांचा हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोड्या पाण्याचा साठा असतो. याचाच उलट अर्थ भयंकर आहे : वरची पातळी एका फुटाने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढू शकते. खोल नळ घालून पाणी ओढणारा माणूस नकळत समुद्रालाच वर बोलावीत असतो. रहाटाला हे शक्य नव्हते. बैल किंवा रेडा जितके फिरवील तितकेच पाणी वर येणार, आणि तेही वरच्या थराचे. आमच्या पूर्वजांना हा हिशेब ठाऊक होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या साधनांनीच तो पाळला होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बावखल हे एकट्याचे काम नव्हे. कुदळ, फावडे आणि टोपली एवढीच साधने असता एका कुटुंबाने असा खड्डा किती दिवसांत खणावा? घाटावर ज्याला इर्जिक म्हणतात, कोकणात सावड म्हणतात, त्याच पद्धतीची कामे ही : आज माझ्या वाडीत तुम्ही या, उद्या तुमच्या वाडीत मी येईन. निघालेली माती घराच्या जोत्याला आणि बांधाला लागे. पुढे भावाभावांत वाडी वाटली गेली तरी बावखल वाटता येत नसे, कारण पाण्यात बांध कसा घालणार? मग त्याच्या पाळ्या ठरत. उन्हाळ्याच्या अखेरीस तळ उघडा पडला की सर्व वाटेकरी गाळ उपसण्यास उतरत आणि तोच गाळ खत म्हणून केळींच्या बुडाशी जाई. पाळीवरून भांडणेही होत; ती झाली नसतील असे भाबडेपणाने मानण्याचे कारण नाही. तथापि भांडणारास दुसऱ्या दिवशी त्याच काठावर यावे लागे.

ही व्यवस्था शत्रूने मोडली नाही. प्रथम तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप, त्यानंतर कूपनलिका. ज्याच्या दारात स्वतःची कूपनलिका आली, त्याला पाळीची गरज उरली नाही. पाळी गेली तसा गाळ उपसणेही गेले. सर्वांचे असलेले बावखल कोणाचेच राहिले नाही. त्यात जलपर्णी माजली, कचरा पडू लागला, आणि मग ‘डासांचे घर’ म्हणून ते बुजवणे हेच शहाणपण ठरले. १९८०च्या दशकात मुंबईची वाढ वसईवर येऊन धडकली, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे धर्मगुरू व हजारो वसईकर रस्त्यावर उतरले ते याच पाण्यासाठी. बिल्डरविषयी आपण पुष्कळ बोललो. मात्र घरामागच्या बावखलात भरावाचा ट्रक रिकामा करवून घेणारा हात पुष्कळदा घरचाच होता, हे आपण फारसे बोलत नाही.

जुलै २०१८मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्याखाली गेली, नालासोपाऱ्याजवळ रेल्वेगाड्या अडकून पडल्या. त्या पुराची कारणे अनेक आहेत. पण पाण्याने थांबावे अशी जागा आपण ठेवली नाही, हे त्यांतील एक कारण खासच.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातील इसहाकाची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. अब्राहामाच्या काळी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने दिलेली नावेच त्यांना दिली. पुढे त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या, तेव्हा पहिलीवर भांडण, दुसरीवर भांडण. तिसरीवर मात्र कोणी तंटा केला नाही, म्हणून तिचे नाव रहोबोथ. आपल्याकडे बुजवणारे पलिष्टी बाहेरून आले नाहीत एवढाच फरक.

गेल्या काही वर्षांत वसईतील तरुणांनी गट करून श्रमदानाने बावखले साफ करण्यास आरंभ केला आहे, आणि यात सर्व समाजांची मुले आहेत. ज्या धर्मग्रामात असे काम काढायचे असेल, त्यांनी आधी वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक बावखलाचे नाव, वाटेकरी आणि पाणी येण्याची वाट लिहून घ्यावी. गाळ काढणे मृगापूर्वी आटोपले पाहिजे, आणि पाणी येण्याची जुनी वाट सिमेंटने अडली असेल तर ती आधी मोकळी करावी लागते, अन्यथा उपसलेला खड्डा कोरडाच राहतो. खणायला माणसे मिळतात. वेळ लागतो तो सातबाऱ्यावरील वारसांची संमती मिळवण्यास. त्यांतील एक आखातात असतो, दुसरा कॅनडात, आणि तिसरा शेजारच्याच घरात असून दहा वर्षे बोलत नसतो.