भाजलेल्या देहातले पाणी: एका सूत्राचा इतिहास

१/७
ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दिघा गाव गेले की ऐरोली येते. तेथे भाजलेल्या रुग्णांसाठी नॅशनल बर्न्स सेंटर हे स्वतंत्र रुग्णालय आहे. गंभीर भाजलेला रुग्ण आला की लगेच ठरवावे लागते: सलाईन किती आणि कोणत्या वेगाने? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/७
जळालेल्या त्वचेतले विष रक्तात भिनून रुग्ण दगावतो, असा पूर्वी अनेकांचा समज होता. १९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे रियाल्टो थिएटरला आग लागली. येल विद्यापीठाच्या फ्रँक अंडरहिल यांनी तिथल्या रुग्णांच्या फोडांतील पाणी तपासले. ते रक्तद्रवाशी मिळतेजुळते निघाले. रक्तातला द्रवच झिरपून जात होता.

३/७
१९४२ साली बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसे गेली. तिथल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या ऑलिव्हर कोप आणि फ्रान्सिस मूर यांनी १९४७ साली द्रवाचा हिशेब मांडला. १९५२ साली एव्हरेट इव्हान्स यांनी वजन आणि भाजल्याची टक्केवारी एका सूत्रात गुंफली.

४/७
१९६८ साली डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातून चार्ल्स बॅक्स्टर आणि टॉम शायर्स यांचे सूत्र आले: ४ मिलिलिटर × वजन × भाजलेली टक्केवारी. ५० किलोचा माणूस ४० टक्के भाजला, तर २४ तासांत ८ लिटर रिंगर लॅक्टेट. त्यातले निम्मे पहिल्या ८ तासांत.

५/७
हे ८ तास भाजल्या क्षणापासून मोजतात, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. वाटेत ३ तास गेले, तर तेच ४ लिटर उरलेल्या ५ तासांत द्यावे लागतात. ताशी ५०० ऐवजी ८०० मिलिलिटर.

६/७
पण सूत्र म्हणजे केवळ आरंभीचा अंदाज. द्रव कमी पडला तर मूत्रपिंडे निकामी होतात. अति झाला तर फुप्फुसांत पाणी साचते, पोटातला दाब वाढतो. २००० साली बेसिल प्रुइट यांनी या अतिरेकाविषयीच सावध केले. श्वासातून धूर गेला असेल, विजेने भाजले असेल, तर गरज बहुधा अंदाजाहून वाढते. लहान मुलांचा हिशेब वेगळा.

७/७
म्हणून खरा निवाडा लघवी करते. प्रौढात दर किलो वजनामागे ताशी सुमारे अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी. कमी झाली तर सलाईनचा वेग वाढवायचा, जास्त झाली तर घटवायचा. रात्रभर दर तासाला तो आकडा टिपणारी परिचारिका ही या इतिहासातली आजची कडी आहे. तिचे नाव मात्र कोणत्याही सूत्राला मिळालेले नाही.