उपग्रहावरून आलेला विज्ञानाचा तास

भारतात दूरचित्रवाणी 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाली आणि दोनच वर्षांत, ऑक्टोबर 1961 मध्ये, शाळेच्या वर्गात पोचली. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीतल्या माध्यमिक शाळांसाठी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पाठ प्रक्षेपित होऊ लागले. निकड खरी होती: अनेक शाळांत धड प्रयोगशाळा नव्हती आणि विज्ञानाचे शिक्षकही पुरेसे नव्हते. हे पाठ अभ्यासक्रमाला धरून, शाळेच्या वेळेतच दाखवले जात. पण प्रक्षेपण शहरापुरतेच होते. खेडी त्याच्या टप्प्यात नव्हती.

ती उणीव भरून काढण्याचा धाडसी प्रयत्न म्हणजे ‘साइट’ हा उपग्रहावरून दूरचित्रवाणी शिक्षण देण्याचा प्रयोग. विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने 1969 मध्ये भारताच्या अणुऊर्जा विभागाचा नासाशी करार झाला. त्यानुसार एटीएस-6 हा अमेरिकी उपग्रह 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर भारताला वापरायला मिळाला. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत संच बसले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल होते, तर प्रकल्पाचे व्यवस्थापन कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस पाहत होते.

खेड्यातली सामग्री साधीच होती. सुमारे तीन मीटर व्यासाची तबकडी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती आणि वीज नसलेल्या गावांत संच बॅटरीवर चाले. सकाळचा दीड तास 5 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी राखलेला होता. तो हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषांत विभागल्याने प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे येत. एका चित्रासोबत दोन भाषांतले ध्वनी पाठवण्याची सोयही उपग्रहात होती. मुलांचे विज्ञान कार्यक्रम इस्रोच्या मुंबईच्या स्टुडिओत तयार होत. महाराष्ट्र प्रकल्पाच्या सहा राज्यांत नसला, तरी त्याचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत घडला.

या प्रयोगाचा सर्वांत दूरदर्शी भाग मुलांसाठी नव्हताच. सुट्टीच्या काळात याच संचांवरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. दिल्लीच्या योजनेत पडदा शिक्षकाची उणीव भरून काढत होता. इथे तो शिक्षकालाच तयार करत होता. उपग्रह वर्षाने परत जाणार हे ठरलेले असताना हाच मार्ग शहाणपणाचा होता.

31 जुलै 1976 रोजी मुदत संपली आणि एटीएस-6 परत अमेरिकेच्या सेवेत गेला. पुढे इन्सॅट मालिकेमुळे भारताला स्वतःचे प्रसारण उपग्रह मिळाले आणि 1984 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी शैक्षणिक प्रसारण सुरू केले.